मागच्या तारखेची हजेरी

औरंगाबाद,
२८ नोव्हेंबर १९८७

अक्कास आप्पाचा दंडवत.

पत्र मोठं आहे. चष्मा लाव आणि ओट्यावर उजेडात बस. आधीच सांगतो, घाबरायचं काही कारण नाही. हे वाक्य वाचून तू घाबरली असशील हे मला ठाऊक आहे, पण सुरुवात कशी करायची ते सुचेना.

माझ्या डाव्या गालाच्या आत एक जखम झाली आहे. तंबाखूची चिमूट जिथं ठेवतो तिथंच. दोन महिने झाले, भरत नाही. आवडानं आधी हळद लावली, मग तुरटीच्या गुळण्या करायला लावल्या, मग माझी चुन्याची डबी नाल्यात टाकून दिली आणि शेवटी मलाच धरून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर इतका पोरगेलासा की मी आधी त्यालाच विचारलं, डॉक्टर कुठं भेटतील. त्यानं ते मनावर घेतलं नाही. तोंडात बॅटरी मारून बघितलं आणि जखमेचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा काढून बाटलीत घातला. तो तपासायला गेलाय. कॅन्सर आहे की नाही ते त्यात कळेल. दहा-पंधरा दिवस लागतील म्हणाले.

बाकी मी ठीक आहे. रोज चिकलठाण्याला कारखान्यात जातो, भोंग्याच्या आधी खुर्चीवर असतो. पंचवीस वर्षं टाइमकीपर म्हणून लोकांच्या हजेऱ्या लावतोय, तेव्हा स्वतः खाडा करायची लाज वाटते. ठेचा बंद आहे, त्याचं मात्र वाईट वाटतं.

तुला कळवणार नव्हतो. आवडा म्हणाली, उद्या वन्संना दुसऱ्याकडून कळलं तर त्या कन्नडहून चालत येतील आणि आधी मला बोलतील. म्हणून लिहिलं. आता एकच विनंती, देव पाण्यात घालून बसू नकोस. दाजींना नमस्कार.

तुझा
आप्पा

---

टेकवाडी, ता. कन्नड,
२ डिसेंबर १९८७

आप्पास अक्काचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना चुलीवरचं दूध उतू गेलं, ते तुझ्या नावावर.

देव पाण्यात घालू नको म्हणालास, नाय घातले. इथं थंडी लई पडलीय, देवालाच सर्दी व्हायची. मी चहा सोडलाय. खुलताबादच्या भद्रा मारुतीला बोलले, माझ्या भावाचा कागद चांगला येईपर्यंत चहाचा थेंब तोंडात घालणार नाय, आणि कागद चांगला आला की पायात काही न घालता तुझ्या देवळात येईन.

तुला वाटंल, चहा म्हणजे काय मोठं. आप्पा, मी चार वेळा चहा पिणारी बाई. सकाळी चहा नाय तर मला म्हैस आणि सून दोघी सारख्याच दिसतात. आज तिसरा दिवस. डोकं असं ठणकतंय की काल कारभाऱ्यांनी विचारलं, "जेवायला काय आहे?" तर मी म्हटलं, "तुमचं डोस्कं." ते गुपचूप शेतात गेले. सगळ्यांचा चहा मीच करते, मग कपावर वाकून वास घेते. वासानं मोडतं की काय म्हणून गुरवाला विचारलं. तो म्हणाला, "वास सगळ्यांचाच असतो, खुशाल घ्या." मोठा शहाणा माणूस आहे.

तू हसशील. हास. रझाकारांच्या वर्षी शाळा बंद पडली तेव्हा करायला काही नव्हतं म्हणून तू मला पाटीवर अक्षरं शिकवलीस. त्याच अक्षरांनी लिहिते, की मला तुझी काळजी वाटते. रात्री उठून बसते. तू माझा एकच भाऊ.

तंबाखू परत तोंडात घालशील तर बघ.

अक्का

---

औरंगाबाद,
७ डिसेंबर १९८७

अक्कास दंडवत.

तुझं पत्र आवडाला मोठ्यानं वाचून दाखवलं. गाल दुखत असताना मला हसवायचं नाही, एवढं पथ्य तरी पाळ.

आता माझं ऐक. तो तुकडा बाटलीत गेलाय. त्यात जे आहे ते आहे. तू चहा सोडायच्या आधीच ते ठरलंय. भाकरी तव्यावरून उतरल्यावर ती करपू नये म्हणून देवाला हात जोडण्यात काय अर्थ आहे? पुढं काही व्हायचं असेल तर माणसानं मागावं, तेही मला पटत नाही, पण निदान समजतं. झालेल्या गोष्टीसाठी मागणं म्हणजे कमाल झाली.

हे तू पहिल्यांदा करत नाहीस. माझी सातवीची परीक्षा आठव. पेपर लिहून झाले, तपासून झाले, गठ्ठे बांधून झाले, आणि तू गावच्या मारुतीला भर उन्हात अकरा प्रदक्षिणा घातल्यास, आप्पा गणितात पास व्हावा म्हणून. मी एका मार्कानं पास झालो. तेव्हापासून तो एक मार्क तुझा आहे असं तू गावभर सांगतेस. अक्का, तो माझा होता. नफा-तोट्याच्या गणितातला होता.

माझ्या मस्टरचा एक नियम आहे. मागच्या तारखेची हजेरी लावायची नाही. साहेबाच्या मेव्हण्यानं एकदा माझ्यासमोर हात जोडले, "परवाचा दिवस लावा." नाही लावला. जो दिवस गेला तो गेला.

आणि तुझा देव तरी कोणता! सगळे मारुती उभे आहेत, काही उडतात, हातात डोंगर घेतात. तू नेमका झोपलेला निवडलास. चांगला हात उशाला घेऊन आडवा झालेला आहे. त्याला तुझं ऐकू कसं जाणार?

तेव्हा चहा पी. सूनबाईवर दया कर. कागद आला की कळवतो.

तुझा
आप्पा

---

टेकवाडी,
१० डिसेंबर १९८७

आप्पास आशीर्वाद.

झोपलेल्याला ऐकू जात नाय म्हणालास. आपली आई दिवसभर खुरपून आली की अशी झोपायची, की शेजारी ढोल वाजला तरी कूस बदलायची नाय. पण तू पाळण्यात नुसता कण्हलास की उठून बसायची. ढोल ऐकू येत नव्हता तिला, तू ऐकू येत होतास. मला यापरीस जास्त काय सांगता येत नाय.

आणि आधी-नंतर हे तुझ्या भोंग्याचं आहे, देवाचं नाय. तुझ्या कारखान्यात उशीर झाला की दार बंद. देवाकडं उशिरा आलेल्यालाबी घेतात. मी आज मागणार हे त्याला परवाच ठाऊक असंल, तर त्यानं परवाच देऊन टाकलं असंल. त्याला काय मस्टर घेऊन बसायचंय?

सातवीचा तो मार्क माझाच होता. नफा-तोट्याचं गणित तुला अजून येत नाय.

आज अकरावा दिवस. डोकं आता दुखायचं राहिलं. सकाळी गोठ्यात जरा अंधारी आल्यागत झालं, पण ती थंडीनं. तुझी भाचेसून आणि बाकी सगळी माझ्यापासून चार हात लांब आहेत, म्हणजे घरात शांतता आहे.

कागद आला की त्याच दिवशी टाक पत्र. दुसऱ्या दिवशी नको.

अक्का

---

औरंगाबाद,
१५ डिसेंबर १९८७

अक्कास दंडवत.

काल कागद आला. काही निघालं नाही. साधी जखम आहे, औषधानं भरेल. काळजीचं कारण संपलं.

चहा पी.

तुझा
आप्पा

---

टेकवाडी,
२० डिसेंबर १९८७

माझ्या शहाण्या आप्पास अनेक आशीर्वाद.

पोस्टमन कार्ड घेऊन आला तेव्हा मी शेणात हात घालून होते. हात न धुताच वाचलं. कार्डाला वास येतोय, पण मी जपून ठेवलंय. मग तीन कप चहा घेतला, एकामागं एक. कारभारी म्हणाले, "म्हशीला तरी दूध ठेव." मी रडत होते.

काल शनिवार होता. कन्नडहून एसटीनं खुलताबादला गेले आणि फाट्यापासून अनवाणी. नारळ फोडला, तेल वाहिलं, रुईच्या पानांची माळ घातली. गर्दी नव्हती. मग मी देवाजवळ वाकून सांगितलं, की मारुतीराया, काम झालं बरं का. माझा भाऊ चांगला आहे. तुम्हाला लई त्रास दिला, सारखं सारखं उठवलं. आता निवांत झोपा. काही लागलं तर परत येईन. खरं सांगते, मला वाटलं त्यानं डोळा मिटला.

येताना सुनेला बांगड्या घेतल्या. तिनं इतके दिवस लई सोसलं.

आता ऐक. हुरडा आलाय. ज्वारी अशी भरलीय की आगटीवर कणसं टाकली की शेजारच्या वावरातनं माणसं येतात. आवडाला घेऊन पुढच्या रविवारी ये. लसणाची चटणी करते, तुझ्या गालासाठी थोडी कमी तिखट. यायचंच. तुझं तोंड बघायचंय मला, बाहेरून आणि आतून.

अक्का

---

औरंगाबाद,
२ जानेवारी १९८८

अक्कास दंडवत.

उत्तराला उशीर झाला. कारखान्यात दोन माणसं रजेवर आहेत आणि त्यांची पाळी माझ्या गळ्यात पडली आहे. हुरड्याला येणं या वर्षी जमणार नाही. महिनाभर तरी रविवार मोकळा नाही. रागावू नकोस.

जखम ठीक आहे. औषध चालू आहे. चहा पितेस ना? पीत जा. पण देवाचा नाद एकदम सोडायचं काही कारण नाही. गावच्या मारुतीला संध्याकाळी दिवा लावतेस तो लावत जा. सवय मोडू नये म्हणून म्हणतो.

तुझा
आप्पा

---

टेकवाडी,
१० जानेवारी १९८८

आप्पा,

आशीर्वाद नंतर. आधी बोलू दे.

तुझं दोन तारखेचं पत्र वाचूनच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. तू मला दिवा लावत जा म्हणून लिहितोस? तू? त्याच दिवशी ओळखायला पाहिजे होतं. पण मला वाटलं, कागद चांगला आला म्हणून पोरगं सुधारलं.

काल शनिवारी माझ्या दिराचा पुंजाराम मोटार दुरुस्तीला शहरात आला होता. त्याच्याबरोबर तुला हुरड्याचं गाठोडं दिलं. क्रांती चौकात उतरून तो चालत तुझ्या घरी आला. दाराला कुलूप. शेजारच्या मनकर्णाबाई बाहेर आल्या. पुंजारामनं विचारलं, "मामा कुठं गेले?" त्या म्हणाल्या, "दवाखान्यात गेले असतील. रोज जातेत ना शेक घ्यायला. कॅन्सरचे शेक. तुम्हाला म्हाईत नाय व्हय?" पुंजारामनं गाठोडं त्यांच्याकडं दिलं आणि सरळ गावी परत आला. माझ्यासमोर उभा राहिला आणि सगळं सांगितलं.

आप्पा, तू आजारी आहेस याचा मला राग नाय. तो काय तुझा गुन्हा नाय, तंबाखूचा थोडा आहे. पण तू लिहिलंस "काही निघालं नाही", आणि ते वाचून मी चहा प्याले. तीन कप. मी देवाकडं गेले आणि त्याला झोप म्हणून सांगून आले! माझ्या तोंडानं सांगितलं, काम झालं, आता निवांत झोपा. एकोणीस डिसेंबर ते काल, एकवीस दिवस. तुझ्या गालाला तो शेक देत होते, तू सोसत होतास, आणि एकवीस दिवस तुझ्यासाठी कुणीच मागत नव्हतं. मी बांगड्या घेत होते. हुरडा भाजत होते. मला हे कुठं ठेवावं ते कळंना झालंय.

आजपासून चहा बंद. डॉक्टर तोंडात बघून सांगंल तेव्हाच सुरू. आणि इथून पुढं तुझ्या प्रत्येक पत्राखाली आवडाची सही पाहिजे. तिच्या सहीशिवाय तुझं एक अक्षर खरं धरणार नाय.

खरं लिही. काय निघालंय, किती आहे, काय चाललंय, सगळं.

अक्का

---

औरंगाबाद,
१४ जानेवारी १९८८

अक्कास दंडवत.

उद्या संक्रांत. तिळगूळ घे आणि यंदा खरोखरच गोड बोल, कारण गुन्हेगार सगळं कबूल करतोय.

कॅन्सर निघाला. चौदा डिसेंबरला कागद हातात आला. डॉक्टर म्हणाला, वेळेत आलात, लहान आहे, कापायची गरज नाही, तीस शेक घेऊन बघू. सोमवार ते शुक्रवार, रोज एक. मोठ्या यंत्राखाली निजवतात, दोन-चार मिनिटांत होतं. त्या वेळी काही कळत नाही, पण नंतर तोंड आतून सोलून निघतं. वरण-भात गार करून गिळतो. तुझा हुरडा आवडानं आणि मनकर्णाबाईंनी खाल्ला, मी नुसता वास घेतला. गुरवाचं ऐकून. आज अठरा शेक झाले.

खोटं का लिहिलं? कागद आला त्याच दिवशी दाजींचं कार्ड आलं. "तुमची अक्का चहाविना गोठ्यात चक्कर येऊन पडली, डोक्याला खोक पडलीय, तुम्हाला सांगू नका म्हणाली." म्हणजे लपवायला आपण दोघंही एकाच आईकडून शिकलो. मला वाटलं, कागद वाईट आहे कळलं तर ही आता जेवण सोडेल. म्हणून लिहिलं. दाजींना बोलू नकोस, त्यांनी घाबरून लिहिलं होतं.

आता खरी कबुली. ही मी आवडाशिवाय कुणाला सांगितलेली नाही.

तुझं वीस तारखेचं पत्र मला चोवीसला मिळालं. दवाखान्याच्या बाकावर बसून वाचलं. तू देवाला झोप म्हणून सांगून आलीस, ते वाचलं आणि मला भीती वाटली. अक्का, कागदावर कॅन्सर वाचला तेव्हाही इतकी वाटली नव्हती. माझा विश्वास नाही, हे तुला माहीत आहे. आजही नाही. पण तू मागतेस हे मला माहीत होतं आणि त्यावर मी मजेत तुझी चेष्टा करत होतो. पावसात कुणी डोक्यावर घोंगडं धरावं आणि आपण वर त्यालाच हसावं, तसं. ते माझ्या थापेनं निघून गेलं आणि मी बाकावर बसून राहिलो.

शेजारी जानीमियाँ होते. जिल्ह्यातलेच, जिभेच्या शेकासाठी येतात. पत्र बघून म्हणाले, "क्या हुआ आप्पासाब?" मी सांगितलं, बहिणीला खोटं कळवलं म्हणून तिनं प्रार्थना बंद केली. ते हसले नाहीत. म्हणाले, "दवा का काम दवा करती, दुआ का काम दुआ. दोनों की ड्यूटी अलग है. तुम एक को छुट्टी दे दिए."

मला ते लागलं. सव्वीसला शनिवार होता. शनिवारी-रविवारी शेक नसतो. आवडाला म्हटलं, चल खुलताबादला. ती माझ्या कपाळाला हात लावून बघायला लागली, ताप आहे का म्हणून.

देवासमोर उभा राहिलो, तर काय म्हणायचं ते येईना. पन्नास वर्षांत कधी मागितलेलं नाही. मागची बाई ओरडली, "ओ काका, काय मागायचं ते मागा आन् सरका की फुडं!" तेव्हा घाईत म्हणालो, "उठा. अक्काला मी खोटं सांगितलं. काम झालेलं नाही." एवढंच. बाहेर आलो तर माझ्या चपला चोरीला गेलेल्या. तुझ्यासारखा अनवाणी आलो, नवस न बोलताच.

दोन जानेवारीला परत गेलो, आणि नऊलाही. पुंजाराम आला त्या शनिवारी दाराला कुलूप होतं ते त्यासाठी. मनकर्णाबाईंना वाटलं दवाखाना. आम्ही तुझ्या देवाकडं होतो.

तेव्हा ते एकवीस दिवस तू मनाला लावून घेऊ नकोस. सव्वीस डिसेंबरपासून तुझी पाळी मी भरून काढली, बदली कामगार म्हणून. हात नवखा आहे, पण हजर होतो. मधले सात दिवस मात्र, एकोणीस ते पंचवीस, कोरे राहिले. ते माझे खाडे. तुझे नाहीत.

तुझा
आप्पा

वन्सं, सगळं खरं आहे. देवळात हे रडले, ते लिहायचं राहिलं. — आवडा

---

टेकवाडी,
१९ जानेवारी १९८८

आप्पास आणि आवडास आशीर्वाद.

पत्र वाचून मी बराच वेळ ओट्यावर बसले. कारभाऱ्यांना वाटलं वाईट बातमी आहे. मी म्हटलं, नाय, माझा भाऊ देवळात गेला. ते म्हणाले, "म्हणजे बातमी तशी गंभीरच आहे."

त्यांना कार्डाबद्दल काय बोलले नाय. फक्त त्यांच्या चहात दोन दिवस साखर घातली नाय.

आता त्या सात दिवसांचं. ते कोरे ठेवायचे नाय. आज मला चहा सोडून दहा दिवस झाले. त्यातले पहिले सात मी काल देवाला वेगळे काढून दिले. गावच्या मारुतीपुढं बसून सांगितलं, हे सात आजच्या शेकासाठी नाय, एकोणीस ते पंचवीस डिसेंबरचे आहेत, तिकडं लावून घ्या. तू म्हणशील गेलेला दिवस गेला. मी तुला आधीच लिहिलंय, देवाकडं आधी-नंतर नसतं. आता तुझं तू बघ.

जानीमियाँला माझा नमस्कार सांग. त्यांच्या जिभेसाठीबी मागते. मुसलमान माणसासाठी मारुतीला सांगितलं तर चालतं का म्हणून गुरवाला विचारलं. तो म्हणाला, "जीभ सगळ्यांना एकच असते."

गार ताक पी. मीठ घालू नको.

अक्का

---

औरंगाबाद,
१६ फेब्रुवारी १९८८

अक्कास दंडवत.

तीस शेक या महिन्याच्या दोन तारखेला संपले. तोंड अजून सोललेलं आहे. सहा आठवड्यांनी डॉक्टर बघणार, तोवर कुणालाच काही सांगता येत नाही.

आज चेष्टा करायला जमणार नाही. जानीमियाँ गेले. शुक्रवारी त्यांचा मुलगा सांगायला आला होता. अक्का, तो माणूस पाच वक्त नमाज पढायचा. रांगेत स्वतःच्या आधी माझ्यासाठी दुआ करायचा. त्यांची बायको मागत होती, मुलं मागत होती, इकडं तू मारुतीला सांगत होतीस. एवढ्यांनी मागून काय झालं? मी शनिवारी गेलो नाही. यापुढं जाईन असं वाटत नाही. ज्याला ऐकायचं नाही त्याच्यासमोर रांगेत कशाला उभं राहायचं?

आप्पा

खरं आहे. जेवतही नाहीत नीट. — आवडा

---

टेकवाडी,
२० फेब्रुवारी १९८८

आप्पास आशीर्वाद.

जानीमियाँसाठी मी रडले. न पाहिलेल्या माणसासाठी.

एवढ्यांनी मागून काय झालं, ते मला नाय ठाऊक. ठाऊक असतं तर सांगितलं असतं. आई गेली तेव्हाबी मी मागितलं होतं, चाळीस दिवस एकभुक्त राहून. ती गेलीच. तुला ते मी कधी सांगितलं नाय, कारण तू हसला असतास आणि मला ते सोसलं नसतं. तुझ्या सातवीचा मार्क मी गावभर सांगते, आईचं कुणाला सांगत नाय. व्हय, मी लबाड आहे.

तरी मी मागते. मागितलं नाय तर मी इथं बसून काय करू, आप्पा? तू तिथं, मी इथं. हात पोचत नाय तिथं पाठवायला माझ्याकडं दुसरं काय आहे?

तुझ्यासाठी जानीमियाँनी मागितलंय. ते त्यांनी परत नेलेलं नाय. ते तुझ्याकडंच आहे, तेव्हा जेव.

तू शनिवारी गेला नाय तरी चालंल. मी आहे पाळीवर.

अक्का

---

खुलताबाद,
१९ मार्च १९८८

अक्कास आप्पाचा दंडवत.

हे पत्र देवळाच्या पायरीवर बसून लिहितोय. चपला मांडीखाली घेतल्यात. एकदा शिकलेला धडा.

काल डॉक्टरनं तोंडात बॅटरी मारून बघितलं. बराच वेळ बघितलं. आवडानं माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडीचा वण उठला. मग तो म्हणाला, जखम भरलीय. आता काही दिसत नाही. दर तीन महिन्यांनी यायचं. पूर्ण बरा झालात असं पाच वर्षं तरी मी लिहून देणार नाही, पण आज तोंड साफ आहे.

शेकानं झालं, असं मी म्हणतो. तू काय म्हणतेस ते मला ऐकायचं नाही, कारण हे पत्र मिळताच तू ते गावभर करशीलच. पण जानीमियाँना तोच शेक होता, आणि दुआ माझ्यापेक्षा जास्त होती. तेव्हा मागितल्यानं माणूस वाचतो, असं तू माझ्याकडून लिहून घेऊ शकणार नाहीस. नाही वाचत, असं लिहायलाही आता हात धजत नाही. एवढंच लिहितो, की सोमवार ते शुक्रवार त्या यंत्राखाली मी एकटा निजायचो आणि मला एकदाही एकटं वाटलं नाही. फक्त त्या एका आठवड्यात वाटलं.

आत जाऊन आलो. "निवांत झोपा" असं काही सांगितलं नाही. म्हटलं, झोपा, पण एक डोळा उघडा ठेवा, पाच वर्षांचं काम आहे. आणि जानीमियाँचं नाव घेतलं. मागची माणसं या वेळी ओरडली नाहीत.

आता कामाचं. काल कारखान्यात एक जुनी कोरी मस्टर-वही मागून घेतली. पंचवीस वर्षांचा नियम मोडून पहिल्यांदाच मागच्या तारखेची हजेरी लावली आहे. एकच नाव आहे, तुझं. द्वारकाबाई, टेकवाडी. १९ डिसेंबर ते २५ डिसेंबर १९८७, सातही दिवस हजर. खाली माझी सही आहे. तो कागद यासोबत पाठवतोय. सातवीचा मार्कही त्यातच धर.

अक्का, चहा पी.

तुझा
आप्पा

वन्सं, डॉक्टर बोलले तेव्हा मी शेजारीच होते. माझ्या कानांनी ऐकलंय. या वेळी खरं आहे. चहा घ्या. — आवडा